पाचाचं विमान

कणकेचा उंडा पंचफुलाकाकूच्या तळहातावर नुसताच पडून होता आणि त्यावर अंगठ्याचा एक खळगा होता. दाबायला घेतलं आणि मध्येच विसरली असावी तसा... अरुंधतीला तो खळगा दिसत राहिला. चूल पेटलेली, तवा अजून भिंतीलाच टेकलेला. ठेवत का नाही ही तवा? आणि मग तिच्या लक्षात आलं, की काकू कान देऊन बसली आहे, गच्चीवरून जाणाऱ्या विमानाच्या त्या आवाजासाठी, जो आता येणारच नाही.

कालपर्यंत कसं होतं! लढाईतून परतलेले रुपरावकाका एका छोट्या कंपनीचं विमान चालवायचे, गिऱ्हाईक मिळेल तेव्हा, नेईल तिकडे. कुणा शेठला रायपूर, कुणाचं वऱ्हाड. परत कधी येणार ते त्यांनाही ठाऊक नसायचं. पण सोनेगावच्या विमानतळावर उतरण्याआधी धंतोलीतल्या घरावर एक घिरटी व्हायचीच, इतक्या खालून की शेजारची वाळत घातलेली धोतरं फडफडायची. काकू पदर खोचून गच्चीवर, तशीच धडधडत खाली, आणि तवा चुलीवर! काकांची सायकल दारात येईपर्यंत पहिली पोळी फुगलेली असायची. त्या घिरटीला घरात कुणी नाव दिलं नव्हतं. ते कधी लागलंच नव्हतं.

मग दिल्लीहून मंजुरी आली. रोजची सर्विस, सकाळी जबलपूरला जायचं, संध्याकाळी पाचाला परत. काकांना रोजचं काम मिळावं म्हणून अरुंधतीनं रामटेकच्या रामाला घातलेलं साकडं फळलं होतं. वर्गात तिनं फळ्यावर विमानसुद्धा काढलं, पंखावर झोकात लिहिलं ‘सरकारमान्य’! घरी काका हसत म्हणाले होते, “ऐक वं, आता घिरटी बंद. पासिंजर घेऊन गच्च्यांवर खेळलो तर सरकार परवाना हिसकून घेईन.”

 काकूऐवजी बोलली कोण, तर ही शहाणी अरुंधती... “बरं झालं वं काकू! आता तुले गच्चीवर पळाचं काम नाही. घड्याळ पाहाचं अन् तवा ठेवाचा!”

“मले कुठं समजते वं घड्याळ, माय?”

म्हणून काल संध्याकाळी, अरुंधतीला आठवलं, मीच तिला शिकवलं, पट्टी घेऊन, अगदी मास्तरीणबाईंसारखं. लहान काटा पाचावर, मोठा बारावर. “असं झालं का समज, काका आले!” दहादा म्हणून घेतलं. काकूनं लहान मुलीसारखी मान डोलावली, आणि केवढा अभिमान वाटला होता मला... कुणाचा? माझाच की!

आज सर्विसचा पहिला दिवस. माजघरातल्या घड्याळात पाच वाजले तेव्हा काकूनं खरंच तवा उचलला होता. मग पुन्हा भिंतीला टेकवला.

“अरू,” ती आता म्हणाली, नजर दारातून दिसणाऱ्या घड्याळावरच, “मोठा काटा त बारावरून खाली उतरला वं.”

“हो.”

“याले काय म्हनाचं?”

अरुंधतीकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असायचं. याचंही होतं. जिभेवरच होतं. पण या घरात तो शब्द कधी कुणी काकांसाठी वापरलाच नव्हता. आले की आले, तीच त्यांची वेळ. वेळच ठरलेली नव्हती तिथे उशीर कुठून व्हायचा? तो तर मंजुरीबरोबर आला, माझ्या साकड्याबरोबर, पट्टीच्या टोकावरून.

“थोडं मागंपुढं होते, काकू,” ती म्हणाली. “जबलपूरले पासिंजर जमा होऊन राहिले असतील.”

“हो ना,” काकू म्हणाली.

बाहेर टांगा गेला. कुणीतरी पोराला हाक मारली. आकाश इतकं रिकामं असतं, हे अरुंधतीला ठाऊक नव्हतं. काटा कणभर पुढे सरकला, आणि काकूनं पुन्हा मान तिच्याकडे वळवली, विद्यार्थिनीसारखी, पुढच्या धड्यासाठी... आणि पाचाच्या पुढचं, उशीर मोजणारं बाकीचं घड्याळ हिला कधीच कळू नये, असं अरुंधतीला वाटलं.