कमळचा राहिलेला धवला

"आजी, फक्त दोन ओळी." देवेशनं दोन बोटं तिच्या तोंडापुढं नाचवली. "तिसऱ्या ओळीला किंकाळी येते. तुम्ही गप व्हायचं. बस."

हौसा आत्यानं पान या गालातून त्या गालात सरकवलं. "माज्या नवऱ्याला सारा जलम न्हाय जमलं मला गप करायला. तू कोन रं?"

बाया फिसकन हसल्या. देवेश पण हसला. पोरगं चांगलं होतं, सिनेमावाल्यांचं सगळं धावपळीचं काम त्याच्याच डोक्यावर. मोठा साहेब आपला खुर्चीत बसून हिंदीत ओरडायचा आणि हे पळायचं.

मी तुळशीराम. पडघ्याहून त्यांचे लाइट, पडदे, खुर्च्या माझ्याच टेम्पोतून आल्या. आत्यापण माझ्याच टेम्पोतून आली, पुढच्या सीटवर, मांडीवर तांदळाची पिशवी घेऊन. सख्खी आत्या माझी. धवलारीण. आमच्याकडं लग्नात भटजी राहिला मागं, आधी धवलारीण लागते. ती गाते तो धवला. सुरुवातीला देवांना आवतण द्यायचं, नवरीचं नाव घेऊन. शेवटी देवांना जेवू घालून निरोप द्यायचा. मधे सोडायचं नाही. बोलावलेला देव मांडवात ताटकळत ठेवला तर घराला लागतं, असं जुनी माणसं बोलतात.

आणि आत्यानं एक धवला मधेच सोडला होता. कमळचा.

सिनेमा त्याचाच होता. म्हणजे त्याचा, त्या खुनी माणसाचा. गोदामांवर वॉचमन म्हणून फिरायचा, बायांना मारायचा, खाडीत टाकायचा. पेपरवाल्यांनी त्याला भारी नाव दिलं होतं, सिनेमाला पण तेच. आमच्या गावात ते नाव कोणी घेत नाही. काळूरामची कमळ त्याची शेवटची. हळद लागली, आत्यानं देवांना आवतण दिलं, आणि उजाडायच्या आत पोरगी गेली. मांडव कोणी उतरवला ते पण आता आठवत नाही. त्यानंतर आत्यानं धवल्याला तोंड उघडलं नाही. लग्नं आली, लोक पाया पडले, ही म्हणायची, "माजं एक घर उघडं हाय. ते पुरं केल्याबिगर दुसरं न्हाय."

म्हणून सिनेमावाल्यांना ती हो बोलली तेव्हा मी उडालोच.

"आत्या, पैशासाठी का?"

"तुज्या टेम्पोला हवा भर," ती बोलली. "माज्या डोक्यात भरू नको."

काळूरामला विचारून आली होती ती. तो बोलला, "तुजं तू बघ. मी त्या मांडवात येनार न्हाय." घर त्याचं पलीकडंच, कापडाच्या बंद पडलेल्या लूमच्या शेडच्या मागं. त्या शेडमधेच यांनी मांडव घातला होता. भर दुपारी काळे पडदे लावून रात्र केली होती. आत शिरलं की घामाच्या धारा.

गर्दी म्हणून गावच्या बाया बोलावल्या. आता आमच्या बायांना खोटं लग्न काय कळतंय! कोणी घरून हळद वाटून आणली, कोणी नारळ. एकीनं तर नवरीला साडी आणली. देवेश डोक्याला हात लावून बोलला, "मावशी, ही ॲक्टिंग आहे हो!"

"असू दे की. रिकाम्या हातानं हळदीला जात्यात काय?"

नवरी झालेली पोरगी निशा, नाशिकची. पाटावर बसली तर बायांनी खरीच हळद लावली तिला, गुडघ्यापासून गालापर्यंत. ती लाजली. खरंच लाजली, ॲक्टिंग नाही ती.

देवेश परत आला. "आजी, अजून एक. नवरीचं नाव काव्या घ्यायचं. खरं नाव चालत नाही, वकिलांनी सांगितलंय."

आत्या उठली. पान थुंकून आली, चूळ भरली, पदर डोक्यावर घेतला.

"ॲक्शन!"

इतक्या वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता मी. म्हातारा झाला होता, कडेला फाटला होता, पण तोच.

*आवतन धाडिलं एकविरा माऊलीला,*
*कमळ नवरीच्या हळदीला गो...*

बायांच्या अंगावर काटा आला. कमळ. देवेशनं डोळे मिटून घेतले. तिसऱ्या ओळीला पडद्याआडून त्या खुन्याचं काम करणारा हिरो धावत आला, निशा किंचाळली, पाटावरून आडवी झाली, गळ्यावर लाल रंग.

"कट! बढिया!"

आत्या गातच होती.

"अम्मा, कट हो गया!"

आत्यानं एक हात वर केला, थांब म्हणून, आणि चौथी ओळ घेतली. मागं बायांनी उचलली. साहेब खुर्चीतून उठला. "देवेश, ये क्या है? नाम भी गलत लिया!"

देवेश जवळ येऊन वाकला. "आजी, प्लीज. ते नाव आम्हाला पुसावं लागेल."

आत्यानं ओळ पुरी केली, मग श्वास घेतला. "पुसा की. तुमच्या डब्यातलं पुसा. देवांनी ऐकलं." आणि खाली पडलेल्या निशाकडं बघून बोलली, "ऊठ गो. नवरीनं असं पडायचं न्हाय."

निशानं साहेबाकडं बघितलं, मग आत्याकडं. उठली आणि पाटावर नीट बसली.

साहेब काहीतरी बोलणार होता. लाइटवाल्या भैयानं त्याला हळूच सांगितलं, "सर, रहने दीजिए. पूजा है." आणि लाइट चालूच ठेवली.

लांबलचक असतो धवला. देव आले, देव बसले, पानं वाढली. बाया रडत होत्या आणि गात होत्या, एकीचा पण सूर चुकला नाही. काळा पडदा हलला आणि उजेडाची एक पट्टी आत पडली. बघतो तर काळूराम. बनियन, खांद्यावर टॉवेल. आवाज घरापर्यंत गेला होता, लेकीचं नाव घेऊन. आत आला नाही. उंबऱ्यावरच उभा राहिला.

आत्यानं त्याला बघितलं. आवाज फुटला तिचा, पण सोडलं नाही.

*जेवलात देवा, आता घरा जा हो,*
*कमळ नवरी निंगाली तिच्या घरा...*

संपलं. पंख्याचा आवाज तेवढा. आत्यानं पिशवीतले तांदूळ निशाच्या डोक्यावर टाकले आणि खालीच बसली. "पानी दे रं तुळशा," बोलली. मी दिलं. गटागटा प्यायली. तोंड बघा, जसं काय लग्नघर उरकून आलेली बाई.

निशाला पुढं काय करायचं कोणी सांगितलं नव्हतं. ती उठली, काळूरामपाशी गेली आणि वाकली. काळूराम गडबडला. हात डोक्याच्या वर धरला, टेकवला नाही.

"पोरी, जेवलीस का?"

तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"मग जेवून जा."

जेवली ती, त्याच्याच ओट्यावर, भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण. संध्याकाळी गाडी आली तर काळूराम तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेला. दार उघडून दिलं. हळदीला आलेली ती साडी तिच्या मांडीवर ठेवली. गाडी कशेळीच्या बाजूला ट्रकांत शिरली. माझा टेम्पो भरून झाला, दोरी बांधून झाली, तरी तो तिथंच उभा होता, टॉवेल हातात घेऊन.