चोवीस कपांचे सहा खोके

कपबशांच्या कारखान्यात, पॅकिंगच्या टेबलाशी मावशींची अठरा वर्षं गेली आणि तेवढ्या वर्षांत त्यांचा आकडा एकदाही चुकला नव्हता. हे त्या स्वतःच सांगत, त्यामुळे शंका घ्यायची सोय नव्हती. आता मुकादमाची जागा रिकामी झाली होती आणि मावशी मनातल्या मनात तिथे जाऊन बसल्याही होत्या. पण साहेबांनी मध्येच हिशेबाच्या लेखी परीक्षेचं खूळ काढलं. तीही याच शुक्रवारी.

घरी सहावीतली लेक मास्तरीण झाली.

"चोवीस गुणिले सहा. यात गुण्य कोण, गुणक कोण?"

"एकशे चव्वेचाळीस."

"आई, तो गुणाकार झाला. मी नावं विचारली."

"उत्तर आलं ना हातात? मग आता ओळखपरेड कशाला?"

"जो पुन्हा पुन्हा घ्यायचा तो गुण्य. किती वेळा घ्यायचा ते सांगतो तो गुणक. लिहिताना गुण्य आधी."

"आणि उलटं लिहिलं तर?"

"उत्तर तेच येतं."

"बघ! उगाच मानपानाची भानगड. मी आपला मोठा आकडा आधी लिहिते, थोरला म्हणून."

लेकीने कपाळाला हात लावला. "नापास झालीस तर माझं नाव सांगू नकोस म्हणजे झालं."

बुधवारी एका दुकानाची मागणी आली. सहा-सहा कपांचे चोवीस खोके, चारच्या गाडीने. मावशींनी सवयीप्रमाणे चिठ्ठीवर '२४ × ६' खरडलं आणि त्या भट्टीकडे माल बघायला गेल्या. जुन्या बायकांना त्यांची सवय पाठ होती. पण त्या दिवशी टेबलाशी होती ती नवी पोरगी, नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली.

दुपारी मावशी परतल्या तर समोर सहा थोरले खोके, चिकटपट्ट्या लावून तयार.

"हे काय गं केलंस?"

"चिठ्ठीत होतं तेच, मावशी. चोवीसचा खोका, सहा वेळा. एकशे चव्वेचाळीस भरतात, मोजून घ्या."

मावशींनी मोजले. भरत होते. रागवायला एक कपसुद्धा कमी पडत नव्हता, हीच पंचाईत. तेवढ्यात साहेब दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं?"

पोरीचा चेहरा उतरला. मावशींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मुकादमाच्या रिकाम्या खुर्चीकडे आणि मग स्वतःच्या अक्षराकडे.

"चिठ्ठी माझी, चूक माझी," त्या म्हणाल्या. "ए, बघत काय बसलीस? सोड पट्ट्या."

"पण एकूण तर बरोबर आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"म्हणून तर चूक कुणाला पकडता आली नाही, साहेब!"

गाडी दारात लागली तेव्हा चोविसाव्या खोक्याची पट्टी चिकटत होती.

शुक्रवारी मावशींनी गुण्य, गुणक, गुणाकार असं ओळीने लिहिलं आणि खाली, कुणी विचारलं नसताना, एक वाक्य जोडलं: 'एका खोक्यात किती ते आधी, खोके किती ते नंतर, नाहीतर दुपारभर पट्ट्या सोडाव्या लागतात.'

साहेबांनी प्रश्न पुस्तकातून उतरवले होते. त्यांनी पुस्तकाच्या मागची उत्तरं उलटून पालटून पाहिली.

"मावशी, हे खालचं पुस्तकात नाही."

"त्याने कधी खोके भरलेत का?"

साहेबांनी गुण किती दिले ते कुणाला कळलं नाही. मुकादमाची वही मात्र सोमवारी सकाळी मावशींपुढे आली.