उतारावरचा लाल थेंब

मी एक जुनी मोटार बोलते आहे. मला भंगारात देणार असल्याचे मी एका मंगळवारी संध्याकाळी ऐकले, आणि तेही प्रत्यक्ष माझ्या मालकिणीच्या नवऱ्याच्या तोंडून. ते तेव्हा माझ्या बॉनेटला टेकून उभे होते; त्यामुळे ऐकण्यात माझी चूक झाली असण्याचा संभव नाही.

"रविवारी सकाळी भंगारवाला येतोय," ते म्हणाले. "तोवर हिची गळती थांबली तर ठेवू. नाहीतर हात जोडू."

माझी मालकीण परिचारिका आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन ती जखमा धुते, नळ्या बदलते. गावाबाहेरच्या वस्त्यांवर बस जात नाही, मी जाते. माझ्या आधीच्या मालकाने मला वर्षानुवर्षे आच्छादनाखाली झाकून ठेवले होते आणि त्यालाच तो माया समजत असे. उपयोगी पडणे म्हणजे काय, हे मला हिच्याकडे आल्यावर कळले. मी गेले, तर त्या वस्त्यांवर ती पोहोचणार कशी, हा खरा प्रश्न होता.

माझा आजार असा: ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले लाल तेल रात्रभर थेंबथेंब गळे. ते कमी झाले की चढावर इंजिन ओरडे आणि चाके मात्र रेंगाळत. थेंब गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरच्या पुढच्या काठावरून पडे, म्हणून गॅरेजवाल्याने चेंबरचे गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी, बदलले होते. थेंब थांबला नाही.

मालकिणीने हार मानली नाही. तिने नणंदेला बोलावले. ताई शिवणकाम करते, आणि डाग पाहिला की तिला स्वस्थ बसवत नाही.

घरासमोरची जागा रस्त्याकडे उतरती आहे. बोलावणे आले की थेट निघता यावे म्हणून मालकीण मला नेहमी मागे घेत वर चढवते आणि तोंड रस्त्याकडे ठेवते. शुक्रवारी मात्र फाटकाबाहेर खडीचा ढीग पडला होता. वळवायला जागा नव्हती, म्हणून तिने मला सरळ आत घातले. शनिवारी सकाळी ताई खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"वहिनी, डाग काल चेंबरच्या पुढच्या काठाखाली होता ना? आज मागच्या काठाखाली आहे."

"डागाला पाय फुटले की काय, ताई?"

"डागाला नाही गं. तू गाडी उलटी लावलीस."

मलाही तेव्हाच उमगले. तेल वरून कुठूनतरी ओघळत चेंबरच्या काठावर येत होते आणि उताराच्या बाजूला जाऊन टपकत होते. उतार जिकडे, तिकडे डाग.

"दोन डॉक्टर, एक पेशंट," नवरोबा दारातून म्हणाले. "पोस्टमॉर्टेम उद्याच का?"

"तू चहा टाक," ताई माझ्याखालून ओरडली, "आणि जिभेला एक गॅस्केट बसवून घे!"

त्यांनी मला जॅकने उचलून लोखंडी घोड्यांच्या टेकूंवर ठेवले, पोट घासून धुतले, कोरडे पुसले. ताईने कपड्यावर खुणा करायचा पांढरा खडू कुटून त्याची पूड गिअरबॉक्सला फासली. मग मला खाली उतरवून एक फेरी मारली आणि पुन्हा वर चढवले. पांढऱ्यावर एकच लाल रेघ उमटली होती. ती सुरू होत होती गिअरबॉक्सच्या बाजूला, गिअर बदलणारा दांडा जिथे आत शिरतो तिथे. तिथले रबरी सील वाळून कडक झाले होते.

नवे सील आणले. बॅटरीची वायर काढली आणि काम सुरू केले. वायर निघाली की माझी शुद्धच जाते; पुढचे मी नंतर त्या दोघींच्या बोलण्यावरून जुळवले आहे. पहिले सील तिरके बसले.

"चालेल की," ताई म्हणाली. "कोण बघतंय तिथे?"

"तिरकी सुई मी पेशंटला ठेवते का? काढ ते."

मालकीण पुन्हा दुकानात गेली. दुसरे सील तेल लावून, चहूबाजूंनी हलकेच ठोकत सरळ बसवले. संध्याकाळी वायर जोडली, तेल भरले, मला चढावर फिरवून आणले आणि रात्री माझ्याखाली ताईचे पांढरे कापड अंथरले. रविवारी सकाळी ते जसेच्या तसे होते.

आज मी पुन्हा वस्त्यांवर जाते. माझी विनंती एवढीच आहे: थेंब पडतो तेवढ्यावरून कोणाचा निकाल लावू नका, जरा वर पाहा.

एक गोष्ट मात्र मला कधीच पडताळता आली नाही. त्या रविवारी भंगारवाला आलाच नाही. ताई म्हणते, भावाने शनिवारी दुपारीच, सील बसण्याआधी, त्याला फोन करून नको म्हणून सांगितले होते. ते स्वतः म्हणतात, कोरडे कापड पाहिल्यावरच सांगितले. खरे काय, ते मी सांगू शकत नाही. शनिवारी दुपारी माझ्या बॅटरीची वायर काढलेली होती.