अंगातून गेलेली वीज

शशिकलाबाई लहान होत्या तेव्हाची गोष्ट. उज्जैनच्या घरी त्यांचा दादा ओलं धोतर वाळत घालायला गेला. कपड्यांच्या तारेत कुठून तरी वीज उतरली होती. तो पडला तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हापासून बाईंनी विजेची धास्तीच घेतली. आणि नशीब असं, की पदरी पडले दिगंबरराव, बरखेड्याच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनवणारे! लग्नानंतर घरातलं प्रत्येक बटण दिगंबररावच दाबत आले.

सून भाग्यश्री शाळेत विज्ञान शिकवायची. एका रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिने प्रयोग मांडले. बाई पार मागच्या खुर्चीवर बसल्या. भाग्यश्रीने एक नळी काढली. आत छोटी बॅटरी आणि किंचितशा विजेवरही लागणारा दिवा, दोन्ही टोकांना पत्रा. जमलेल्या मुला-माणसांपैकी दोघांनी एकेक टोक धरलं, बाकीच्यांनी हातात हात गुंफले, आणि गोल पूर्ण होताच दिवा लागला. एकाने हात सोडला, दिवा गेला.

"आई, तुम्हीही या ना."

"नको गं बाई. वीज काय करते ते मी पाहिलंय."

भाग्यश्री त्यांच्यापाशी उकिडवी बसली. "तुमच्या दादांना नेलं तो पूर होता, आई. हा नुसता पाझर आहे. तारेत विजेचे कण आधीपासूनच ठासून भरलेले असतात. ते सरकतात गोगलगायीपेक्षाही हळू, पण सगळे एकदम हलतात, म्हणून दिवा लगेच लागतो. आपल्या अंगात मीठ-पाणी आहे, त्यातूनही वीज अशीच सरकते. तुमचं काळीज चालतं तेसुद्धा इवल्याशा विजेवरच."

"माझं काळीज?"

"हो. जन्माच्याही आधीपासून."

बाईंनी पदराला तळवे पुसले. मग त्या उठल्या. गोलात उभ्या असलेल्या दिगंबररावांनी हात पुढे केला, तो त्यांनी घट्ट धरला. दुसऱ्या हाताचं बोट नळीच्या पत्र्यावर टेकवताना त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

मुलं ओरडली, "लागला, लागला!"

बाईंनी डोळे उघडले. ना झटका, ना मुंग्या. बोट उचललं, दिवा गेला. टेकवलं, लागला. पुन्हा उचललं, पुन्हा टेकवलं. त्यांनी गोलाकडे पाहिलं. इतक्या माणसांच्या अंगातून फिरून वीज त्यांच्यापाशी येत होती, आणि कुणाला कळतही नव्हतं.

"दादाला लागली ती हीच का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हीच, आई."

बाईंचे डोळे भरून आले, पण बोट हललं नाही.

"हात सोडू नका रे कुणी," त्या म्हणाल्या. "अजून थोडा वेळ बघू दे मला."