पेटिकनची खुर्ची

आर्थर पेटिकनच्या घराण्याची एकच स्थावर मिळकत होती, आणि तीही दिवसातून दोनदा पाण्याखाली जायची. एसेक्सच्या किनाऱ्यावर, त्यांच्या गावच्या खाडीच्या वळणावर चिखलाचा एक उंचवटा आहे. त्याला लहानथोर सगळे ‘पेटिकनची खुर्ची’ म्हणतात, नकाशावरही तेच नाव आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात आर्थरच्या पणजोबांनी, कप्तान ओबडायांनी, शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असलेली ‘लॅपविंग’ ही नौका तिथे ऐन गावासमोर रुतवली होती. भरती येईपर्यंत ते तिच्यावर पाइप ओढत बसले आणि गाव काठावर बसून त्यांना बघत राहिलं.

ओबडाया म्हणत, नौकेवर बसलेल्या तिच्या मालकानं मध्येच सुकाणू ओढलं. आजोबा तेच म्हणत, वडीलही तेच. आर्थर तर इतिहासाचा मास्तर. त्यानं ही हकीकत मालकाच्या कोटाच्या बटणांपर्यंत रंगवली होती. ती ऐकण्यातून गावात कुणी सुटलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरला तर त्यानं तोंडात कापूस असताना सांगितली होती.

पुढे लॅपविंग कुणाकुणाचं राहतं घर झाली आणि शेवटी कुजत पडली. आर्थरनं ती विकत घेतली. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं आणि बायकोचं, मेव्हिसचं, नवं स्वयंपाकघर त्यानं तिच्यात घातलं. शर्यत समितीचा अध्यक्ष सिरिल मसेट भर पबमध्ये बोलून गेला होता, “ही जिंकली ना मास्तर, तर नकाशावरून तुझ्या घराण्याचं नाव पुसतो!” आर्थरला तेवढंच हवं होतं. आपल्यामागे चिखलाला आपलं नाव राहणार, हा विचार त्याला खरंच खुपायचा.

आणि शर्यतीच्या दिवशी लॅपविंग चक्क पुढे होती. सिरिलची नौका मागे धापा टाकत होती. ओहोटी लागली होती, पण काळजी नव्हती. खोल पाण्याची कड दाखवायला चिखलात फांद्या रोवलेल्या होत्या आणि नौकेच्या पुढच्या टोकाला मेव्हिस त्यांच्यावर नजर ठेवून होती. आर्थरशेजारी स्थानिक वर्तमानपत्राची इमोजेन नावाची पोरगी बसली होती.

“ती खुर्ची कुठली म्हणतात हो, मिस्टर पेटिकन?” तिनं विचारलं.

झालं. आर्थर सुरूच झाला.

“आर्थर, डावीकडे घे!” मेव्हिस ओरडली.

“एक मिनिट गं, मालक आता उठतोय!”

“मालक गेला खड्ड्यात! फांद्यांच्या आत, चिखलावर चाललोय आपण!”

“तर मालक असा उठला,” आर्थर उठत म्हणाला, “आणि सुकाणूचा दांडा त्यानं असा ओढला!” आणि त्यानं तो ओढून दाखवला.

लॅपविंग त्याच उंचवट्यावर हळूच थांबली आणि एका कुशीवर कलली. हकीकत इतकी हुबेहूब आजवर कुणी सांगितली नव्हती.

सिरिलची नौका शेजारून निघून गेली. “काय मास्तर,” तो ओरडला, “मालक आला का मध्ये?”

“ही पोरगी मध्येच…” आर्थरच्या तोंडून निघालं. इमोजेनचा चेहरा पडला. पणजोबांचा आवाज आर्थरनं कधी ऐकला नव्हता. आज तो त्याला स्वतःच्याच तोंडात ऐकू आला, आणि त्याला मनापासून लाज वाटली. त्या बिचाऱ्या मालकाचं चार पिढ्यांत कुणी काही ऐकूनच घेतलं नव्हतं.

काठावर गाव जमलं होतं. काहींनी घडीच्या खुर्च्याही आणल्या होत्या. आर्थर तोल सावरत उभा राहिला आणि त्यानं तोंडाशी हात धरले.

“मालकाचा काही दोष नाही रे! मीच रुतवली! आणि तेव्हाही आम्हीच रुतवली असणार!”

मग सगळा काठ हसायला लागला, आणि हसताहसताच टाळ्या वाजायला लागल्या. इमोजेनही हसली.

पाणी उतरून गेलं. कललेल्या नौकेच्या एकाच कोपऱ्यात नीट बसता येत होतं. तिथे आर्थर बसला होता. मेव्हिस थर्मास आणि चीजची सँडविचं घेऊन सरपटत त्याच्याजवळ आली.

“नाव काही पुसलं जात नाही आता,” तो म्हणाला. “तुझं स्वयंपाकघरही गेलं.”

“ते कधीच गेलं होतं,” तिनं त्याला कोपरानं ढोसलं. “सरक बघू. लग्नापासून मीही पेटिकनच आहे.”