घरचं गिऱ्हाईक

"पूर्ण माणूस मावेल एवढा आरसा हवा. भिंतीला लावून द्यायचा, आजच," वहिनी फोनवर म्हणाली. मी सवयीने चिठ्ठी ओढली आणि पत्ता विचारला. तिने स्वतःच्याच घराचा पत्ता सांगितला.

काचेचं दुकान दादाचं आणि माझं. दादा काचा कापतो, बसवतो. मी फोन घेते, मापं लिहिते आणि दादा गिऱ्हाइकाला नको तेवढं खरं बोलला की सारवासारव करते. वहिनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. तिच्या ओरड्याला घाबरलेली माणसं पुढे आपल्या घरच्यांनाही तिच्याकडेच पाठवतात.

मागच्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग निघाला. डावा स्तन काढावा लागला. उपचार पार पडले, केस परत आले, वहिनी कामावर रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी तिने एका धडधाकट माणसाला क्लचवरून रडवलं. तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. सगळं पूर्ववत झालं असं आम्ही धरून चाललो.

पण तसं नव्हतं. तपासणीच्या वेळी नर्सने इतर प्रश्न संपल्यावर विचारलं, घरी दोघांचं कसं चाललंय? दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या वहिनीने आधी विषय टाळला, मग सांगून टाकलं. दादा पलंगाच्या इतक्या कडेला झोपायचा, की कूस बदलली तर थेट जमिनीवर. ती कपडे बदलायला लागली की त्याला बाहेरचं काहीतरी काम आठवायचं. नर्स म्हणाली, जखम केव्हाच भरली आहे, जवळ आल्याने काही बिघडत नाही. कुठे बधिर आहे, कुठे बरं वाटतं, ते तुम्हीच त्यांना सांगा. मनकवडा नवरा अजून कुणाच्याच नशिबी आलेला नाही.

हे सगळं वहिनीने मला त्याच फोनवर एका दमात सांगितलं आणि म्हणाली, सुरुवात आरशापासून करू. बेडरूममधला मोठा आरसा ती हॉस्पिटलात असताना फुटला, असं दादाने तिला सांगितलं होतं. काचवाल्याच्या घरात इतके महिने त्या जागी नुसते खिळे होते.

"वहिनी, तो फुटलेला नाही. इथंच आहे, मागच्या बाजूला. भिंतीकडे तोंड करून ठेवलाय दादाने."



"म्हणजे त्यांना बघवत नाही मला," ती म्हणाली.

"मला तर तो म्हणाला, तिला बघवणार नाही."

"मग नक्की कुणाला बघवत नाही, ते आज कळू दे. तोच आरसा पाठव."

मी दादाच्या हातात चिठ्ठी दिली. पत्ता वाचून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कॅल्क्युलेटरकडे पाहिलं. एवढा आरसा एकट्याने लावता येत नाही, असं त्याने म्हणून बघितलं. दुसरं टोक गिऱ्हाईक धरेल, म्हटलं मी.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. वहिनीने सांगितलं तसं सांगते, आणि तिला तिखटमीठ लावायची सवय आहे हेही सांगून ठेवते.

दारातच वाद झाला. तू हात लावू नकोस, दुखेल, असं दादाचं सुरू झालं. मग दिवसभर मी स्टिअरिंग काय पायाने फिरवते, असं वहिनीने विचारलं आणि टोक उचललं. दादाचं सगळं लक्ष तिच्या हाताकडे. त्यामुळे त्याच्याच हातातलं टोक घसरलं. तिने गुडघा लावून अडवलं नसतं तर आरसा तिथेच फुटला असता आणि दादाचं खोटं एकदाचं खरं झालं असतं.

आरसा भिंतीवर चढला. का नेला होता, तिने विचारलं.

"तुला त्रास होईल म्हणून."

"मी हॉस्पिटलात रोज बघत होते. बघायचे राहिलात ते तुम्ही."

दादाने हातातली स्क्रूची डबी खाली ठेवली. मग म्हणाला, हात लावला आणि तुला दुखलं तर, या भीतीने झोप लागत नाही. हे ऐकलं आणि वहिनीच्या मनावरचं मणामणाचं ओझं उतरलं. हा माणूस तिला घाबरत नव्हता, तिच्यासाठी घाबरत होता.

"मी काय काच आहे?" ती म्हणाली. "आणि असले, तरी काच कशी धरतात ते मी तुम्हाला सांगायचं? सैल धरली तर पडते."

दुकानातल्या प्रत्येक नव्या कामगाराला दादा हेच ऐकवतो.

मग तिने शर्टाची बटणं काढली. ब्रेसियरमधली डाव्या बाजूची उशी काढून स्क्रूच्या डबीशेजारी ठेवली आणि आरशासमोर उभी राहिली. दादाने आधी आरशात पाहिलं, मग आरसा सोडून तिच्याकडे. बराच वेळ पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. मग कामाच्या गंभीर आवाजात तो म्हणाला,

"कट सरळ आलाय. डॉक्टरांचा हात चांगला आहे."

वहिनी हसायला लागली ती थांबेचना. हसत हसत पलंगावर बसली, तोही बसला, आणि त्याचं रडणं आणि हसणं एक झालं. तिने त्याचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. शिकवणं तर तिचा पेशाच. इथं काही कळत नाही, ती म्हणाली. इथं थोडं. इथं कळतं. आणि शिकणाऱ्याचा हात बसला की ती सूचना थांबवते, तशी थांबली.

यापुढचं तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नणंद असले तरी थोडी लाजलज्जा बाळगून आहे.

इकडे दुकानात मला मात्र काही सुधरत नव्हतं. दोघांचं भांडण तर झालं नसेल, आपण नको तिथे नाक तर खुपसलं नाही ना, असं मनात येत होतं. दुपार कलली तरी दादाचा पत्ता नाही. शेवटी न राहवून मी फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर वहिनीने उचलला.

मी दुकानाच्याच आवाजात विचारलं, "आरसा बसला का? कामाबद्दल काही तक्रार?"

मागून दादाचं हसणं ऐकू आलं. ते खदखदून हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"तक्रार काही नाही," वहिनी म्हणाली. "पण काम अजून चालू आहे. दुकान आज तूच बंद कर."