नारळामुळं पोचली म्हणे

यात्रेआधीच्या एका मंगळवारी आमची म्हस आटली आणि खापर फुटलं माझ्या स्कूटीवर!

आता काय सांगू. पिरनवाडीतल्या आमच्या मळ्यातली लाल भाजी, शेपू मी दर आयतवारी खासबागच्या बाजाराला नेते. टेम्पोवाल्या गुंडूची वाट बघत बसायचं, तो येईस्तवर भाजी माना टाकती. म्हणून लेकीची, रचनाची जुनी स्कूटी शिकले. लायसनबी काढलं. त्या मंगळवारानंतरच्या आयतवारी पयल्यांदा एकटी जायचं ठरवलं आणि आमचे मालक आडवे आले.

मालक वादात कधी हरत न्हाईत, कारण एका मुद्द्यावर थांबतच न्हाईत. "आज खासबागला जाशील, उद्या गोव्याला जाशील!" मग म्हणले, "गुंडूची बायको पडली न्हाय का? बायकांना गाडी जमतच न्हाय." तेबी पटंना म्हटल्यावर, "परवा आमटीत मीठ विसरलीस, तू काय ब्रेक मारणार?"

रचना बेळगावात कॉलेजच्या पोरांना वाद कसा घालायचा ते शिकवती. ती म्हणली, "आप्पा, गाडीचं बोला, आमटीचं काय काढलाय? आणि एक बाई पडली म्हणून सगळ्या पडणार? तुम्ही दोनदा पडलाय, मग विका तुमची बुलेट." मी पोट धरून हसले. मालक चहा तसाच टाकून गोठ्यात गेले.

पण देवीच्या यात्रेआधी आमच्या गल्लीत मंगळवार-शुक्रवार वार पाळतात. त्या दिवशी कामाला हात लावायचा न्हाय. मी मंगळवारी नुसता एक फेरा मारला स्कूटीचा, आणि संध्याकाळी म्हशीनं थेंबभर दूध दिलं न्हाय.

"वार मोडलास!" मालक दारातनंच ओरडले. "देवीनं दाखवलं बघ!"

खरंच सांगते, स्कूटीकडं बघू वाटंना. रचनाला म्हटलं, राहू दे बाई, गुंडूचा टेम्पोच बरा.

रचना म्हणली, "आई, एकामागनं एक घडलं म्हणजे एकामुळं दुसरं घडलं असं असतंय व्हय? ज्यांनी वार पाळला त्यांच्या गोठ्यात बघून ये की."

शेजारची अक्काताई वाराच्या दिवशी विळ्यालाबी हात लावत न्हाय. तिच्या गोठ्यात गेले तर तिची म्हसबी आटलेली!

"आटणारच की गं," अक्काताई म्हणली. "दोघी एकदमच गाभण राहिल्यात न्हवं? व्यायचे दिवस जवळ आले."

आत्ता गं बया! म्हस गाभण हाय हे घरात सगळ्यांना ठाऊक, पण वाराच्या धास्तीत एकाच्याबी डोक्यात आलं न्हाय. मी तिथंच शेणात पाय देऊन हसत सुटले. मालकांना सांगितलं तर म्हणले, "तरीपण."

आयतवारी मी गेले. खासबागात स्कूटी लावली, आणि भाजी बघा, अशी ताजी की बायकांनी हातोहात उचलली. घरी आले तर मालक दारात, हातात फोडलेला नारळ.

"देवीला नारळ वाढवला," ऐटीत म्हणले, "म्हणून पोचलीस."

आता मीबी शिकलेली. "अवो, एकामागनं एक घडलं की हो नुसतं! बरं, पुढच्या आयतवारी नारळ फोडू नका. बघूया पोचते का न्हाय."

मालकांचा चेहरा उतरला. "तसलं काय बघायचं न्हाय," म्हणले. मग खाली बघत, "तू पडलीस तर मी काय करू गं?"

म्हणजे मुद्दा एवढा एकच होता! गोवा, आमटी, म्हस, सगळं हे झाकायला. मला हसू फुटलं आणि डोळेबी भरले. रचना काहीतरी बोलायला निघाली, तिला म्हटलं, "गप. ह्यात चूक काढायची न्हाय."

त्या खोबऱ्याची चटणी केली. पुढच्या आयतवारीबी नारळ फुटला, आणि फोडणारा हेल्मेट घालून माझ्या मागं बसला.